कातळाचा दाखला

भूकंपाच्या धक्क्याने भिजलेली माती पातळ होऊन तिच्यावरची घरे, पूल आणि बंधारे खचू शकतील काय, असा प्रश्न पाथर्डी तालुक्यात कोणी काढलाच, तर त्यास मिळणारे उत्तर इतके ठरीव, इतके सर्वसंमत आणि इतक्या निःशंकपणे दिलेले असते, की प्रश्नकर्त्यालाच आपण काही अनुचित बोललो की काय असे वाटावे. दख्खनचे पठार हा अखंड कातळ आहे, त्यास भूकंपाचे भय नाही. आपली जमीन काळी आणि चिकण, ती वाळूसारखी पातळ होत नाही. तालुका पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळी, तेव्हा माती पातळ करावयास पाणी मुळी येणार कोठून. आणि एवढ्यावरही शंका उरलीच, तर ज्या तालुक्याची माणसे दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीसाठी परमुलखाची वाट धरतात, त्याने असल्या चैनीच्या चौकशीवर पैसा का घालावा? अशी ही चार कलमांची कैफियत आहे, आणि ती चावडीवर जितक्या सहजतेने ऐकू येते तितक्याच सहजतेने कचेऱ्यांतूनही ऐकू येते.

ती सर्वस्वी टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. तिचे दुसरे कलम बव्हंशी खरे आहे आणि चौथ्यामागे एक न्याय्य तळमळ आहे. आमची हरकत आहे ती कलमांच्या जोडणीला. पहिले कलम खोटे असून खऱ्या कलमाला आधार म्हणून तेच नेहमी पुढे केले जाते; आणि निष्कर्ष बरोबर असला तरी त्याचे कारण चुकीचे असेल, तर जेथे तो निष्कर्ष लागू पडत नाही अशा ठिकाणीही माणसे तो बिनदिक्कत घेऊन जातात. काळ्या शेतजमिनीला मिळालेला निर्दोषतेचा दाखला ओढ्याकाठच्या मळईला, पाझर तलावाच्या भरावाला आणि नदीकाठच्या गाळाच्या थरांनाही आपोआप मिळून जातो, तो याच वाटेने.

प्रथम कातळाचा समाचार घेतला पाहिजे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेपर्यंत द्वीपकल्पीय भारत हा भूकंपाच्या दृष्टीने स्थिर प्रदेश होय, असे मत केवळ लोकांत नव्हे तर जाणत्यांतही रूढ होते, आणि त्या काळच्या भूकंपविषयक नकाशांत कोयनेचे खोरे अल्प धोक्याच्या पट्ट्यात निश्चिंत पहुडलेले होते. त्या पहाटे कोयनानगर हादरले, सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली, आणि ज्या धरणाचा आराखडा गुरुत्वीय त्वरणाच्या अवघ्या विसाव्या हिश्श्याचा क्षैतिज धक्का गृहीत धरून केलेला होता, त्याच्या अंगातील उपकरणाने प्रवाहाच्या दिशेने जवळजवळ निम्म्या त्वरणाची, म्हणजे गृहीताच्या सुमारे दसपट, नोंद केली. धरणाला भेगा पडल्या तरी ते उभे राहिले, याचे श्रेय बांधणाऱ्यांना आहे. नकाशा काढणाऱ्यांना नाही. 1970 साली नकाशा सुधारला आणि कोयना वरच्या वर्गात गेली. परंतु ह्या धड्यातून जे सामान्य तत्त्व घ्यावयाचे ते न घेता, कोयनेचा अपवाद धरणाच्या जलाशयाच्या माथी मारून उर्वरित पठाराला पुन्हा एकवार स्थिरत्वाची सनद देण्यात आली. सव्वीस वर्षांनंतर, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाची जाग अजून पुरती निवली नाही तोच, किल्लारीला ती सनद फाटली. माणसे मेली ती आठ हजारांच्या आसपास. किल्लारी त्या वेळच्या नकाशात सर्वांत खालच्या पट्ट्यात होती. आणि 1992 च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून तेथे धक्के जाणवत असूनही तिचा पट्टा बदलावा असे कोणास वाटले नाही. पुढे 2002 साली भारतीय मानकाने तो खालचा पट्टाच रद्द केला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात घातला. आमच्या देशात भूकंपाचा नकाशा भूकंपाच्या मागून चालतो, एवढे ह्या दोन प्रकरणांवरून सिद्ध आहे. म्हणून ‘नकाशात आपला तालुका कोठे आहे’ हे सांगून वाद मिटवू पाहणाऱ्यास आम्ही एवढेच विचारू, की किल्लारीचा तालुका 29 सप्टेंबरच्या रात्री नकाशात कोठे होता?

शिवाय ‘कातळ आहे म्हणून भूकंप नाही’ ह्या युक्तिवादात एक मौजेची उलटापालट आहे. भूकंप म्हणजे खडक ताणाखाली तुटणे आणि तुटलेल्या फटीवर एकाएकी सरकणे. चिखल तुटून भूकंप झाल्याचे कोणी ऐकले आहे काय? आपण ज्याला दख्खनचा कातळ म्हणतो तो बसाल्ट तर प्राचीन भूमीवर लाव्ह्याने घातलेले आवरण आहे. किल्लारीजवळ राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने 617 मीटर खोल विवर घेतले, तेव्हा बसाल्ट 338 मीटरांवर संपला, मध्ये काही मीटर गाळाचा जुना थर लागला आणि खाली ग्रॅनाइटी पाया आला. कोयनेच्या परिसरात गोठणे येथे घेतलेल्या तीन किलोमीटरांच्या विवरात हे आवरण सव्वा किलोमीटरांच्या आसपास भरले. भूकंपाची केंद्रे ह्याहून कितीतरी खाली, त्या पायाच्या खडकात असतात. वरच्या आवरणाला खालच्या पायाने काय करावे ह्याचा अधिकार नाही. गर्भगिरीच्या डोंगरांचे काळेकभिन्न कडे पाहून ज्यांना अचलतेची खात्री वाटते, त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, की तसेच कडे कोयनेच्या दोन्ही अंगांना त्या पहाटेही उभे होते. आमच्याच जिल्ह्यात, संगमनेरच्या पठार भागात बोटा-घारगाव परिसराला अलीकडच्या वर्षांत सौम्य धक्के बसले आहेत. त्यांतून मोठा भूकंप ओढवेल असे सुचविण्याचा आमचा इरादा नाही. परंतु पायाखालचा खडक मूक नाही, एवढा दाखला त्यांतून जरूर मिळतो.

आता मातीकडे येऊ, कारण खरा वाद तेथे आहे. द्रवीभवन म्हणजे काय, ह्याविषयी इतकी धूसर कल्पना आढळते की कोणी जमीन दुभंगण्यास, कोणी दरड कोसळण्यास, तर कोणी पावसात पाय रुतण्यासही तेच नाव देतो. बाजारात धान्य मोजताना पायलीला ठोका दिला की दाणे जसे खाली बसतात आणि मापात आणखी धान्य मावते, तसे सैल पडलेल्या वाळूचे कणही धक्क्यांनी एकमेकांच्या फटींत बसू पाहतात. मात्र त्या फटी पाण्याने गच्च भरलेल्या असतील आणि काही सेकंदांच्या अवधीत त्या पाण्याला निसटावयास वाट मिळाली नाही, तर कणांच्या वाट्याचे ओझे पाण्यावर येते, पाण्याचा दाब चढत जातो, कणाकणांची परस्परांवरची पकड सुटते, आणि जी भूमी क्षणापूर्वी इमारत पेलीत होती ती दाट द्रवासारखी वागू लागते. कोंडलेले पाणी वाट फोडून वर येते तेव्हा वाळूसह कारंजी उडतात. 1934 च्या जानेवारीत बिहारमध्ये अशी कारंजी मैलोगणती शेतांतून उडाली आणि मोतीहारीपासून मधुबनीपर्यंतच्या पट्ट्यात घरे कलून जमिनीत खचली. 1964 साली जपानातील निइगाता येथे चार मजल्यांच्या चाळी न फुटता, न मोडता, आहेत तशा आडव्या झाल्या. ह्या सगळ्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सैल व कणीदार माती, तिच्यात भरलेले पाणी, आणि पुरेसा जोरकस व पुरेसा लांबलेला हादरा. ह्यांतील एक जरी नसली तरी खेळ संपतो.

ह्या कसोटीवर पाथर्डीची काळी जमीन घासून पाहिली तर प्रतिपक्षाचे दुसरे कलम उभे राहते, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. काळ्या मातीचे कण वाळूच्या कणांसारखे सुटे नसतात. माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे ते अतिसूक्ष्म पापुद्रे असून परस्परांना विद्युत्-रासायनिक आकर्षणाने धरून असतात, त्यांची पकड केवळ वरच्या ओझ्यावर अवलंबून नसते. मातीतील चिकटपणा मोजणारा जो आकार्यता निर्देशांक म्हणून आहे, तो साधारण बाराच्या खाली असेल आणि मातीतील ओल तिच्या द्रवसीमेच्या जवळ असेल तरच द्रवीभवनाची धास्ती घ्यावी, असे 2006 साली ब्रे आणि सान्सिओ ह्या संशोधकांनी तुर्कस्तानातील अनुभवांवरून मांडले. आपल्या काळ्या मातीचा हा निर्देशांक सहसा पंचविसाच्या, तिसाच्या वर असतो. म्हणून प्रत्येक मोठ्या परदेशी भूकंपाची चित्रे पाहून जे लोक ‘आता आपल्या काळ्या रानातही घरे गडप होणार’ अशी आवई उठवतात, त्यांच्याशी आमचे नाते नाही. उन्हाळ्यात हातभर रुंद भेगा पडणारी आणि पावसात फुगून भिंती उचलणारी ही माती पायांना पुष्कळ उपद्रव देते, पण तो उपद्रव निराळ्या जातीचा आहे आणि त्याला भूकंपाची गरज नसते. शिवाय किल्लारी पाथर्डीपासून दोनशे किलोमीटरांच्या जवळपास, कोयना त्याहून दूर. सहा-सव्वासहाच्या प्रतीचा भूकंप इतक्या लांबून येथील भूमी पातळ करील ही गोष्ट संभवत नाही. तसा अनर्थ व्हावयाचा तर हादरा आपल्याच पायाखालून यावा लागेल.

परंतु तालुका म्हणजे केवळ काळे रान नव्हे. येथील विहीर खणणारा मनुष्य हे कोणत्याही पुस्तकाहून चांगले जाणतो. डोंगरउतारावर वीतभर बरड माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. सखल भागात काळीचा जाड थर. आणि ओढ्यानाल्यांच्या काठी, जेथे पाण्याने दरसाल आणून टाकले तेथे, बारीक वाळू, पोयटा आणि गोटे यांचे सरमिसळ थर. हे थर काळ्या मातीच्या निर्देशांकाने मोजता येत नाहीत. पोयट्याचा निर्देशांक कमी असतो, बारीक वाळूला तो नसतोच म्हटले तरी चालेल. पाथर्डीच्या ओढ्यांत हे थर पातळ आहेत हे खरे. पण तालुक्याची शीव ओलांडून उत्तरेला उतरावे, म्हणजे ‘सगळा दख्खन दगड’ ह्या विधानाची खरी परीक्षा होते. नेवाशाला प्रवरेच्या काठी गाळाचे जे उंच कडे आहेत, त्यांत गोटे, वाळू आणि गाळ यांचे थरावर थर रचलेले उघडे दिसतात. 1954 ते 1956 ह्या काळात पुराणवस्तुसंशोधक हसमुख सांकलिया यांनी तेथे उत्खनन केले, आणि ह्याच थरांतून अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली. ज्या जिल्ह्यात पुराणवस्तुसंशोधकांनी नदीच्या गाळातून अश्मयुग उकरून काढले, त्याच जिल्ह्यात अभियंत्याने ‘येथे गाळ नाही, कातळ आहे’ असा शेरा मारावा, ह्याला काय म्हणावे! आणि ह्या गाळावर आज ऊस उभा आहे, कालव्यांचे पाणी बारमाही झिरपते आहे. तेथे पहिला घटक आहे, दुसराही आहे; केवळ तिसऱ्याच्या अनुपस्थितीवर आमची भिस्त आहे, आणि तिसऱ्याविषयी कोयना व किल्लारी यांनी काय जबानी दिली ते वर आलेच आहे.

‘पाणी कोठे आहे’ हा आक्षेप पाथर्डीत सर्वांत प्रभावी ठरतो, कारण तो ऐकणाऱ्याच्या स्वानुभवाला भिडतो. टँकरच्या रांगेत ज्याचे आयुष्य गेले, त्याला जमिनीतील पाण्याचे भय घालणे ही थट्टाच वाटावी. परंतु ह्या आक्षेपाचे उत्तर आमच्याहून अधिक कोरड्या मुलखाने देऊन ठेवले आहे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छमधील अनेक मातीची धरणे खचली, फाटली. चांग, शिवलखा, तापर, फतेहगढ, रुद्रमाता अशी त्यांची नावे. त्यांपैकी पंधरा-सोळा मीटर उंचीचे चांग धरण तर पार कोसळून पसरले. त्या वर्षी कच्छात पाऊस तुटपुंजा झाला होता आणि ही तळी जवळजवळ कोरडी पडली होती. तरीही धरणे खचली, कारण पाणी जलाशयात नसले तरी भरावाच्या पायथ्याखालच्या गाळात मुरलेले होते, आणि पातळ झाला तो तोच गाळ. तळी कोरडी असल्यामुळे खालच्या गावांवर पूर आला नाही, एवढाच दुष्काळाचा उपकार. दृष्टीला दिसणारे पाणी आणि मातीच्या फटींत कोंडलेले पाणी ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि आमचा वाद दुसरीशी आहे.

हे वाचून पाथर्डीच्या वाचकाच्या मनात पाझर तलाव आले नसतील तर नवल. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कायद्याखाली ह्या तालुक्याच्या माणसांनी स्वतःच्या हातांनी, पाट्या वाहून, खडी फोडून जे तलाव बांधले, त्यांच्याविषयी अनादराचा एक शब्दही आमच्या लेखणीतून जाणार नाही. त्यांनी विहिरी जगविल्या आणि माणसांना गाव सोडण्यापासून काही काळ तरी रोखले. पण पाझर तलावाचा धर्मच असा की त्याने पाणी धरून न ठेवता जमिनीत सोडावे. म्हणजे भरावाखालची आणि भरावापुढची भूमी भिजलेली ठेवणे हे त्याचे व्यंग नसून त्याचे कार्य आहे. भरावाच्या मधोमध काळ्या मातीचा गाभा असतो आणि त्याखालचा खंदक कठीण थरापर्यंत नेलेला असतो, हे खरे. पण गाभ्याच्या दोन्ही अंगांना जे मुरमाचे आवरण उतरते, त्याचे पाय कशावर टेकले आहेत? ओढ्याच्या मूळ पात्रावर, की पात्रातील वाळू काढून घेतलेल्या मुरमावर? हा प्रश्न चांगच्या ढिगाऱ्याने विचारलेला आहे. त्याचे उत्तर प्रत्येक तलावापुरते निराळे असणार आणि ते त्या त्या कामाच्या मूळ दप्तरातच सापडेल, गर्भगिरीच्या कड्यांत नव्हे. दुष्काळी कामांचा हेतू हाताला काम देण्याचा होता; दबाईच्या रोलरची वाट पाहत मजूर बसवून ठेवण्याची चैन त्या दिवसांत परवडणारी नव्हती. सैल दाबलेला भराव भूकंपात कसा वागतो हे 1971 साली कॅलिफोर्नियातील सान फर्नांडोच्या जुन्या धरणाने दाखविले: पाण्यात कालवून भरलेल्या मातीचा आतला उतार जलाशयात घसरला, माथा खचला, पाणी आणि हवा यांच्यामध्ये दीडएक मीटरची फुटकी माती उरली, आणि ऐंशी हजार लोकांना तातडीने हलवावे लागले.

‘ही लहानसहान तळी; त्यांची तुलना धरणांशी कशाला’, असे कोणी म्हणेल. मातीच्या लहान धरणाखाली मोठी वस्ती असू शकते, हे चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याने 2019 च्या जुलैत दाखविले. भूकंपाशिवाय, नुसत्या पावसाने ते फुटले आणि वीसेक माणसे वाहून गेली. 1961 चे पानशेत तर अजून पुण्याच्या स्मरणात ताजे आहे. आणि लहानांची गोष्ट सोडली तरी पाथर्डीच्या शेजारी पैठणला गोदावरीवर 1976 साली पुरे झालेले जायकवाडीचे दहा किलोमीटर लांबीचे धरण मातीचेच आहे, राहुरीचे मुळा धरणही मातीचेच. मोठ्या धरणांची तपासणी होते, त्यांच्यासाठी स्वतंत्र यंत्रणा आहेत. आमचा मुद्दा त्या यंत्रणांच्या नजरेखाली न येणाऱ्या, ज्यांची नावेही तालुक्याबाहेर कोणास ठाऊक नाहीत, अशा भरावांविषयी आहे.

ह्या ठिकाणी प्रतिपक्षातील अधिक सुशिक्षित मंडळी आपला राखून ठेवलेला बाण काढतात: चाचणी केली आहे, सूत्र लावले आहे, सुरक्षितता गुणक एकाच्या वर आला आहे. सूत्र उत्तम आहे. 1971 साली सीड आणि इद्रिस यांनी मांडलेली ही सुटसुटीत पद्धत भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीतही परिशिष्टरूपाने समाविष्ट आहे: एका बाजूला भूकंपाने मातीवर येणारा ताण, दुसऱ्या बाजूला तिची प्रतिकारशक्ती. ती शक्ती अजमावण्यासाठी साडेत्रेसष्ट किलोंचा घण पाऊण मीटरावरून टाकीत राहावयाचे आणि नळी तीस सेंटिमीटर खाली जाण्यास किती ठोके लागले ते मोजावयाचे. परंतु हे सूत्र जपान-कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या अनुभवावर बांधलेले आहे. चिकणमातीच्या ठोक्यांची संख्या त्यात घालून जे उत्तर येते त्यास अर्थ नाही, मग ते भयावह येवो वा दिलासा देणारे. शिवाय ज्या भूजलपातळीचा आकडा सूत्रात घातला जातो, तो चाचणीच्या दिवसाचा असतो. आणि विवरे घेण्याचे कंत्राट बहुधा उन्हाळ्यात, यंत्र शेतात जाऊ शकेल अशा कोरड्या दिवसांत पार पडते. किल्लारीचा भूकंप सप्टेंबरच्या अखेरीस झाला, जेव्हा पाथर्डीतील तलाव भरले असतील तर भरलेले असतात आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या बसविण्याचे दिवस आलेले असतात. मे महिन्याची पातळी घालून काढलेला सुरक्षितता गुणक हा मे महिन्यापुरताच खरा.

ह्या ऋतूंच्या प्रश्नाचे प्रात्यक्षिक पाहावयाचे तर काठमांडूचे खोरे पाहावे, कारण प्राचीन सरोवराच्या गाळावर वसलेले, हिमालयाच्या भ्रंशाला खेटून असलेले हे खोरे भूकंप आणि मऊ भूमी यांच्या संयोगाचे जणू नमुनापात्र आहे. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 प्रतीच्या भूकंपापूर्वी काढलेल्या नकाशांत खोऱ्याचा मोठा भाग द्रवीभवनाच्या रंगाने रंगविलेला होता. प्रत्यक्षात ते बुंगमती, हात्तीबन, इमाडोल अशा मोजक्या ठिकाणी आढळले. भय पसरविणारे तोंडघशी पडले असे कोणी म्हणेल, आणि तसे काही अंशी झालेही. परंतु कारणे पाहावीत: खोऱ्यातील हादऱ्याचे त्वरण अपेक्षेहून बरेच कमी, गुरुत्वाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास भरले, आणि एप्रिल हा तेथे पावसाळ्यापूर्वीचा महिना असल्याने भूजल खोल गेलेले होते. तोच भूकंप भाद्रपदात झाला असता तर निकाल हाच लागला असता, असे छातीठोकपणे सांगणारा अभियंता आम्हाला भेटलेला नाही. ह्या अनुभवातून रंगीत नकाशांवर अंधविश्वास ठेवू नये हा धडा जितका घ्यावा, तितकाच कोरड्या ऋतूच्या कृपेला भूमीचा गुण समजू नये हाही घ्यावा.

राहिले चौथे कलम, पैशाचे. येथे आम्ही प्रतिपक्षाशी अर्धी वाट चालतो. किल्लारीला माणसे मारली ती पातळ झालेल्या भूमीने नव्हे. चिखलात रचलेल्या दगडी भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या पांढरी माती चढवून जड केलेल्या माळवदांनी मारली. पाथर्डीच्या जुन्या पेठेत आणि खेड्यांच्या गावठाणांत अशी घरे आजही उभी आहेत, आणि ज्याच्या हाती एकच रुपया असेल त्याने तो आधी त्या भिंतींना बांधून घेण्यावर, जोडावर लाकडी वा काँक्रीटचा पट्टा घालण्यावर, माळवदाचे ओझे उतरविण्यावर खर्च करावा. ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु ‘आधी घरे’ असे म्हणणारे घरांसाठीही काही करीत नसतील, तर ती अग्रक्रमाची भाषा केवळ निमित्त ठरते. आणि ज्या चौकशीची आम्ही मागणी करतो ती फारशी खर्चिकही नाही, कारण तिचा पुष्कळसा मालमसाला सरकारच्याच कपाटांत पडून आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याने प्रत्येक पुलाच्या पायासाठी विवरे घेतलेली आहेत आणि त्यांचे अहवाल त्या त्या कामाच्या फाइलीत बंद आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि त्यांतील एक मोजणी पावसाळ्याच्या अखेरची असते. जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे तलावांची दप्तरे आहेत. ही तीन दप्तरे तीन इमारतींत आहेत, एवढीच काय ती अडचण. त्यांची रुजवात घालून पाहण्यास परदेशी तज्ज्ञाची जरूर नाही.

तेव्हा आमची मागणी अशी: तहसीलदारांनी ह्या तिन्ही कचेऱ्यांकडून पाथर्डी तालुक्यापुरती माहिती मागवावी, ज्या तलावांच्या खाली वस्ती आहे त्यांची यादी करून, भरावाच्या पायथ्याखाली पात्राची वाळू वा पोयटा राहिलेला आहे किंवा नाही, हे मूळ नकाशांवरून आणि जेथे नकाशे हरवले असतील तेथे दोन-चार चर खणून ठरवावे, पावसाळ्याअखेरच्या भूजलपातळीवर गणित करावे, उन्हाळ्याच्या नव्हे, आणि जेथे काळी माती आहे तेथे वाळूचे सूत्र लावू नये. ही तपासणी होऊन बहुतेक तलाव निर्धास्त ठरले तर आम्हाला आनंदच आहे, आणि काळ्या रानाविषयी तर तसा निकाल आम्ही आजच देतो. परंतु ज्या तलावाच्या पायाखाली काय आहे हे कोणी पाहिलेच नाही, तो सुरक्षित आहे असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला पोहोचत नाही. आणि पाथर्डीच्या ग्रामसभांनी, येत्या पावसाळ्यापूर्वी, आपापल्या तलावापुरता हा प्रश्न ठराव करून लेखी विचारावा.